पान नंबर चार : मॉडेलिंग एजन्सीवाल्यांना एक खुलं पत्र

प्रति,
मॉडेलिंग एजन्सी चालवणारे, बुकर म्हणजे मॉडेलना कामं मिळवून देणारे, कास्टिंगवाले, फोटोग्राफर आणि आमच्यासारखे प्रॉडक्शनमधले सगळे,

नमस्कार मंडळी,

मी प्रॉडक्शन कोऑर्डिनेटर आहे, सोप्या भाषेत कॉलशीटवाली. कोण किती वाजता येणार, कुणाचं फिटिंग कधी, कुठली गाडी कुणाला घ्यायला जाणार, कुणाला कुठल्या क्रीमची अ‍ॅलर्जी आहे, हे सगळं एका कागदावर आणायचं आणि रात्री झोपायच्या आत ग्रुपवर टाकायचं हे माझं काम. तुमच्यातल्या बऱ्याच जणांशी रोजचं बोलणं आहे त्यामुळे हे असं जाहीर लिहिताना जरा ऑकवर्डच वाटतंय, पण समोर बोलायला गेलं की विषय हसण्यावारी जातो, 'अगं एवढं काय त्यात' असं होतं, म्हणून इथे लिहितेय.

विषय नावाचा आहे. मॉडेल लोक स्टेजचं नाव लावतात, खरं नाव लावत नाहीत, आणि त्यावर बाहेरचे लोक कायम काहीतरी बोलत असतात की लपवण्यासारखं काय आहे वगैरे. त्यांचं सोडा. माझी तक्रार तुमच्याशी आहे, कारण तुम्ही सगळं उलटं करून ठेवलंय. जे नाव मॉडेलने स्वतः ठेवायला पाहिजे ते तुम्ही ठेवता, वर कॉन्ट्रॅक्टमध्ये ते स्वतःच्या मालकीचं करून घेता, आणि जे नाव कुलपात राहायला पाहिजे ते मात्र एक्सेल शीटमधून गावभर फिरवता. मुलींच्या बाबतीत जास्त पण मुलगे सुटलेत असं नाही.

आता झालेलं सांगते. एजन्सी कुठली, ब्रँड कुठला ते सांगणार नाही, आणि तसंही शेवटची चूक माझीच होती. तीन दिवसांचं बाहेरगावचं शूट, ग्रुपवर अठ्ठावीस लोक. एजन्सीकडून जी शीट आली तिच्यात पहिल्या कॉलममध्ये स्टेजचं नाव, दुसऱ्यात 'आयडीप्रमाणे नाव', मग जन्मतारीख, मोबाईल, घरचा पत्ता आणि शेवटी इमर्जन्सी नंबर, म्हणजे आईचा. मला तिकिटांसाठी त्यातले दोनच कॉलम हवे होते. पण रात्रीचे सव्वाअकरा वाजले होते, एका गाडीचं अजून नक्की होत नव्हतं, ड्रायव्हर फोन उचलत नव्हता, मी ती शीट आहे तशी पीडीएफ केली, कॉलशीटच्या मागे जोडली आणि टाकली ग्रुपवर. पान नंबर चार.

सकाळी त्या शीटमधली एक मॉडेल मेकअपच्या खुर्चीत, डोळे मिटलेले, आयलायनर चाललंय, आणि लाइटवाला एक पोरगा वायर गुंडाळता गुंडाळता सहज म्हणाला, मॅडम तुमचं खरं नाव तर एकदम वेगळंच आहे की, आमच्या मावशीचं पण हेच. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं हे मी आजही सांगेन. तिने डोळे उघडले नाहीत, फक्त मांडीवरच्या हाताची मूठ झाली. मेकअपवालीने ब्रश वर धरून ठेवला, दोन-तीन सेकंद कुणीच काही बोललं नाही, मग खुर्चीतली ती म्हणाली हो का, आणि लायनर पुढे सुरू झालं.

चौथ्या दिवशी तिच्या एका फोटोखाली कमेंट आली. शिवी नाही, अश्लील नाही. नुसतं नाव. तिचं, मग वडिलांचं, मग आडनाव. बाकी एक अक्षर नाही. तिने ती कमेंट उडवली, तासाभरात तीच कमेंट दुसऱ्या फोटोखाली, मग तिसऱ्या, शेवटी तिने अकाउंटच बंद केलं, तीन वर्षांचं काम होतं त्यावर. रात्री मला फोन आला. ओरडली नाही. फक्त विचारलं, तुझ्याकडून गेलं का गं? मी म्हटलं बघते. बघायचं काय होतं त्यात, पान नंबर चार मला पाठ होतं.

आणि हो, इथे तुम्ही लगेच म्हणाल की घरच्यांपासून लपवत असेल. नव्हती लपवत. आईला सगळं माहीत होतं, सुरुवातीला आईच सोडायला यायची शूटवर. प्रश्न दुसऱ्या एका माणसाचा होता, जो दोन वर्षं तिला शोधत होता. यापुढे त्याबद्दल लिहिणं मला बरोबर वाटत नाही.

तर स्टेजचं नाव म्हणजे फॅशन, नखरा, स्टाइल असं धरून चालणाऱ्यांना एवढंच सांगायचंय की कारणं दहा असतात आणि ती आपल्याला सांगायला कुणी बांधील नसतं. कुणाचं नाव आधीच दुसऱ्या कुणाचं असतं. अमेरिकेतल्या अभिनेत्यांच्या युनियनमध्ये एका नावाचे दोन सभासद चालत नव्हते म्हणून मायकेल डग्लस नावाचा मुलगा मायकेल कीटन झाला, कारण मायकेल डग्लस आधीच एक होता. कुणाला आडनाव नको असतं, आडनाव ऐकलं की लोकांच्या डोक्यात ही कुठली, कुणाची, कुठल्या घरची हा हिशोब सुरू होतो आणि तो हिशोब कामाच्या जागी नको असतो. कुणी दिवसा दुसरी नोकरी करतं. कुणाचा घटस्फोट चालू असतो. आणि कुणाला नुसतं ते नाव आवडतं, बास, हे पण पुरेसं कारण आहे.

डोव्हिमा या अमेरिकन मॉडेलचं उदाहरण मला फार आवडतं. डोरोथी व्हर्जिनिया मार्गारेट जुबा, तीन नावांची पहिली दोन दोन अक्षरं घेऊन डो-व्हि-मा. लहानपणी आजारपणात अंथरुणाला खिळलेली असताना तिने मनातल्या मनात एक मैत्रीण तयार केली होती तिचं हे नाव, पुढे तेच घेऊन ती उभी राहिली आणि १९५५ मध्ये पॅरिसच्या सर्कसमध्ये हत्तींच्या मधे रिचर्ड अ‍ॅव्हेडनने तिचा जो फोटो काढला तो आजही फॅशन फोटोग्राफी शिकणाऱ्या प्रत्येकाला दाखवतात. नंतर हीच बाई फ्लोरिडातल्या एका पिझ्झाच्या हॉटेलात गिऱ्हाइकांना टेबल दाखवायचं काम करत होती, १९९० मध्ये गेली. पण नाव शेवटपर्यंत तिचं होतं, कारण ते तिनेच घडवलं होतं.

व्हेरुश्काचं तसंच. मूळची वेरा फॉन लेनडॉर्फ, जर्मन सरदार घराण्यातली, वडिलांना हिटलरविरुद्धच्या कटात १९४४ मध्ये फाशी झालेली. १९६१ मध्ये न्यूयॉर्कला वेरा म्हणून गेली तर कुणी विचारलं नाही, परत आली, आणि पुढच्या वेळी नखशिखांत काळे कपडे घालून व्हेरुश्का म्हणून गेली तेव्हा तेच लोक वळून बघायला लागले. बाई तीच, उंची तीच, चेहरा तोच. वडिलांच्या नावाचं ते सगळं ओझं घेऊन प्रत्येक कास्टिंगला उभं राहायचं का नाही हे तिचं तिने ठरवायचं, अजून कुणी ठरवायचं?

ट्विगी घ्या. लेस्ली हॉर्नबी, काडीसारखी बारीक म्हणून मित्रमंडळी ट्विग्ज म्हणायची त्याचं ट्विगी झालं आणि १९६६ मध्ये सोळा वर्षांची असताना लंडनच्या एका पेपरने तिला त्या वर्षाचा चेहरा म्हणून जाहीर केलं. नॉर्मा जीन १९४५ मध्ये मॉडेलिंगला लागली, १९४६ मध्ये स्टुडिओत तिची मेरिलिन मन्रो झाली, आणि कागदोपत्री कायदेशीर मेरिलिन व्हायला १९५६ उजाडलं. म्हणजे मधली दहा वर्षं जगाला एक नाव आणि सरकारला दुसरं. जगाचं काही बिघडलं नाही.

आणि आपण मराठी लोकांनी तर या विषयावर बोलूच नये खरं तर. कुसुमाग्रज म्हटलं की आपल्याला शिरवाडकर लपतायत असं वाटतं का? ग्रेस? आरती प्रभू हे तर बाईसारखं नाव, लिहिणारे खानोलकर, कुणी म्हणत नाही फसवलं. पण १९३३ साली विभावरी शिरूरकर या नावाने एका बाईने कथा लिहिल्या, मुलींच्या मनातलं उघड लिहिलं, तर केवढा गदारोळ झाला आणि लोकांना एकच पडलं होतं, ही कोण, हिचं खरं नाव काय. कवीचं टोपणनाव म्हणजे प्रतिभा आणि बाईचं टोपणनाव म्हणजे संशय, हे आजचं नाहीये.

असो, मुद्द्यावर येते. तुम्ही ठेवलेली नावं.

नवीन मुलगी साइन करताना तुम्ही काय करता हे मी कितीतरी वेळा टेबलाच्या या बाजूला बसून बघितलंय. तिचं नाव कागदावर लिहिता, दोनदा उच्चारून बघता, तोंड जरा वाकडं करता आणि म्हणता बाहेरच्या क्लायंटला हे जड जाईल, आपण काहीतरी दोन अक्षरी करू. मग चार जण मिळून नावं फेकतात, 'या'ने संपणारं हवं, 'झ' असेल तर भारी वाटतं, आणि ती मुलगी एकोणीस-वीस वर्षांची, मधे बसून हसतेय कारण दुसरं काय करणार, पहिलंच कॉन्ट्रॅक्ट आहे. पाळण्यातलं नाव ठेवताना बाळाला कळत नाही म्हणून ठीक आहे, इथे तर माणूस समोर बसलंय ना. विचारा की तिला. दोन दिवस द्या. घरी जाऊन आरशासमोर म्हणून बघू दे, कुणीतरी रस्त्यात त्या नावाने हाक मारली तर आपण वळू का हे तिला कळू दे.

नाव बदललं की मागोमाग गोष्ट पण बदलते हा पुढचा प्रकार. इमान या मॉडेलचं बघा. तिचं इमान हे स्टेजसाठी ठेवलेलं नव्हतं, घरातलंच होतं, पण १९७५ मध्ये नैरोबीत तिला बघून फोटो काढणाऱ्या पीटर बिअर्डने अमेरिकेत गोष्ट काय पसरवली तर ही म्हणे रानात गुरं राखताना सापडली. खरं म्हणजे ती सोमाली राजदूताची मुलगी, युनिव्हर्सिटीत राज्यशास्त्र शिकत होती, चारपाच भाषा येत होत्या. फोटोचे पैसे तिने फी भरायला मागितले होते. पेपरांनी ती रानातली गोष्ट छापली आणि बिचारी पुढे कित्येक वर्षं ती दुरुस्त करत बसली. हे आपल्याकडेही छोट्या प्रमाणात रोज होतं, बायोमध्ये तुम्ही काय काय लिहिता ते माहितीय मला, मीच प्रूफ वाचते कधीकधी.

मालकीचं तर विचारूच नका. कॉन्ट्रॅक्टमध्ये कुठेतरी बाराव्या-तेराव्या पानावर बारीक अक्षरात असतं की हे व्यावसायिक नाव, त्यावरचे अकाउंट आणि हँडल हे एजन्सीच्या मालकीचे, करार संपला की वापरायचं नाही. म्हणजे चार वर्षं तिने पायाला फोड येईपर्यंत हिल्स घालून जे नाव मोठं केलं ते सोडताना तुमच्याकडे जमा करायचं, लायब्ररीचं पुस्तक आहे जसं काही. फॅशनमध्ये याचं मोठं उदाहरण आहे, डिझायनर हर्वे लेजे. जन्माचं आडनाव पेन्ये, कार्ल लागरफेल्ड या दुसऱ्या डिझायनरने सुचवलं म्हणून लेजे झाला, अंगाला पट्ट्या गुंडाळल्यासारख्या घट्ट बँडेज ड्रेसने जगभर नाव झालं, मग कंपनी विकली गेली आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी माणूस बाहेर आणि नाव आत. पुन्हा लागरफेल्डनेच सुचवलं म्हणे आणि तो लरू या नावाने दुकान मांडून बसला. तो निदान तोवर प्रसिद्ध तरी होता हो. बावीस वर्षांच्या पोरीने परत शून्यापासून कुठल्या नावाने सुरू करायचं? ते कलम काढा. करार संपला की नाव तिच्याबरोबर जाईल हे एका ओळीत लिहिता येतं.

आता खरं नाव कुठून कुठून गळतं ते सांगते, कारण तुम्हाला वाटतं हॅकर वगैरे लागतो. काही नाही लागत. रिलीज फॉर्मवर, म्हणजे फोटो वापरायच्या परवानगीच्या कागदावर, खरं नाव, सही, पत्ता लागतो, बरोबर आहे, कायद्याला लागतो, पण तो फॉर्म फोटोग्राफरच्या असिस्टंटच्या फोनमध्ये फोटो काढून ठेवलेला असतो, गॅलरीत, त्याच्या सुट्टीच्या फोटोंच्या शेजारी. फोटोच्या फाइलमध्ये आत माहिती भरायला रकाने असतात, फोटोत कोण आहे याचासुद्धा एक असतो, रिटचर, म्हणजे फोटो साफसूफ करणारा, सोयीसाठी तिथे खरं नाव टाकतो आणि फाइल तशीच बाहेर जाते. फाइलचं नाव तर अजूनच वरताण, तिचं खरं नाव, अंडरस्कोअर, फायनल, अंडरस्कोअर, फायनल टू. पेमेंटसाठी क्यूआर स्कॅन केला की स्क्रीनवर बँकेतलं नाव येतं. मोबाईल नंबर सेव्ह असला की अ‍ॅप आपणहून सुचवतं की या तुमच्या ओळखीच्या असतील. कुणी हौसेने स्वतःची वेबसाइट काढली तर २०१८ च्या आधी मालकाचं नाव पत्ता कुणालाही शोधून बघता यायचा, युरोपचा डेटाचा कायदा आल्यावर ते बऱ्यापैकी झाकलं गेलं, जुन्या नोंदी मात्र कुठे कुठे पडून आहेत.

आणि हॉटेल. हे तर मी स्वतः भोगलंय. बुकिंग स्टेजच्या नावाने केलेलं, रात्री दीडला गाडीने उतरलो, काउंटरवरचा माणूस म्हणतो या नावाचं आयडी द्या, आयडीवर वेगळं नाव, तो मोठ्याने दोन्ही नावं वाचून दाखवतोय, मागे लॉबीत अजून सहा लोक उभे. त्या मुलीने काय करायचं? यात तिची काय चूक? बुकिंग कायदेशीर नावानेच करा पण ते एकाच माणसाने करा आणि चेक-इन त्याच माणसाने आधी जाऊन उरका, चावी तिच्या हातात द्या. एवढंच असतं ते.

मोठ्या गळतीचं पण एक सांगते. २०११ मध्ये अमेरिकेत प्रौढांच्या सिनेमात काम करणाऱ्या हजारो लोकांची खरी नावं कुणीतरी एका वेबसाइटवर टाकली आणि संशय गेला तो त्यांच्या आरोग्य तपासण्या करणाऱ्या क्लिनिकच्या डेटाबेसवर. म्हणजे जिथे विश्वासाने खरं नाव दिलं, द्यावंच लागलं, तिथूनच. त्या लोकांच्या कामाबद्दल तुमचं मत काहीही असो, आपल्या एक्सेल शीटची गोष्ट वेगळी नाहीये.

तुमचं उत्तर मला माहितीय, की खोटी नावं चालवली तर अल्पवयीन मुली कशा ओळखायच्या, फसवणूक झाली तर कुणाला धरायचं. शंभर टक्के मान्य. वय तपासलंच पाहिजे, आयडी बघितलंच पाहिजे, यात अजिबात सूट नको, आणि जी एजन्सी स्टेजच्या नावाआड वय लपवते तिच्याशी मी काम करत नाही. अमेरिकेत उघड लैंगिक दृश्यं असलेल्या कंटेंटसाठी १९८८ च्या कायद्यापासून काम करणाऱ्याचं कायदेशीर नाव, वय आणि त्याने वापरलेली बाकीची सगळी नावं नोंदवून ठेवायला लागतात. पण नोंद ठेवणं आणि ग्रुपवर टाकणं यात फरक आहे की नाही? खरं नाव किती जणांना लागतं, मोजा. आयडी तपासणारा एक, अकाउंट्सचा एक, तिकीट काढणारी मी. तीन. अठ्ठावीस नाही. जर्मनीत तर सरकारी ओळखपत्रावरच कलाकाराच्या नावाचा वेगळा रकाना असतो, २००७ मध्ये काढला होता, २०१० मध्ये परत आणला. सरकारला जमतं ते आपल्याला जमू नये?

फेसबुकने पण २०१४ मध्ये खरं नावच लावा म्हणून स्टेजच्या नावाची अकाउंट बंद करायला घेतली होती, सॅन फ्रान्सिस्कोच्या ड्रॅग कलाकारांनी एवढं लावून धरलं की ऑक्टोबरमध्ये कंपनीला माफी मागावी लागली. तेव्हा हे चालत आलंय म्हणून चालायचं असं मला सांगू नका.

फोटोग्राफर मंडळींना एक वेगळं. क्रेडिट देताना तिने जे नाव सांगितलंय तेच लिहा, स्पेलिंगसकट. आपली जवळीक दाखवायला कमेंटमध्ये घरचं नाव घेऊन 'काय मस्त आलीयेस गं' लिहू नका, ते तिला फोनवर सांगा. एक जण तर दरवेळी करतो हे, दोनदा सांगून झालंय.

आणि चेहऱ्यावरून शोधणारी साधनं आली आता, नाव लपवून काय उपयोग, असंही काही जण म्हणतात. खरंय, स्टेजच्या नावाने चेहरा झाकत नाही. म्हणून काय दार सताड उघडं ठेवायचं?

मी माझ्यापुरतं सुरू केलंय. कॉलशीटवर एकच नाव जातं, जे तिने किंवा त्याने सांगितलंय ते. कायदेशीर नावांची फाइल वेगळी, पासवर्डसकट, शूट संपून पेमेंट झालं की माझ्याकडची कॉपी डिलीट. आईचा नंबर ग्रुपवर नाही, माझ्याकडे आणि सेटवरच्या एका माणसाकडे. पुढच्या महिन्यापासून तुमच्याकडून ती जुनी सहा कॉलमची शीट आली तर मी ती उघडणार नाही, परत पाठवीन, शूट लेट झालं तरी. कुणाला नवीन फॉरमॅट हवा असेल तर सांगा, मी बनवून ठेवलाय, फुकट देते.

ती मुलगी परत काम करायला लागलीय, वेगळ्या नावाने. या वेळी तिने स्वतः ठेवलंय. मला सांगितलंय, आणि मी ते इथे लिहिणार नाहीये.

तुमची,
कॉलशीटवाली